कप्तानाच्या दंडावरचे दात

५ जानेवारी

पुढच्या आठवड्यात कप्तान दुकानात येणार, आणि या घरात त्याचं सोयरसुतक कुणालाही नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "येऊ दे. राहायला येणार असेल तर अंथरूण मात्र तुम्ही घाला."

पंचाहत्तरीकडे झुकलेल्या माणसाने खेळणी गोळा करावीत हे हिला पटत नाही. न पटो. आमच्या लहानपणी 'तारापथक' नावाची प्लास्टिकची शूर मंडळी निघाली होती. वीतभर उंचीची, कोपरात आणि गुडघ्यात वाकणारी. कप्तान, वैमानिकीण, रसायनवाला, लोखंड्या नावाचा यंत्रमानव आणि सगळ्यांचा वैरी कृष्णकवच. मग कारखाना बंद पडला, साचे भंगारात गेले, आणि जग आपलं पुढे चालू लागलं, जणू काही बिघडलंच नाही. आता एका कंपनीने तेच पथक पुन्हा काढायला घेतलंय. जुनेच रंग, जुन्याच पद्धतीचं खोकं, दर महिन्याला एक. बाकीचे सगळे माझ्या कपाटात येऊन उभे राहिलेत. कप्तान तेवढा रखडला, कारण साचा करायला त्याचा जुना नमुनाच कुठे मिळेना. तो माझ्याकडे होता. मी उसना दिला. अजून परत आलेला नाही, पण येईल. तो न्यायला आलेल्या कंपनीच्या बाईंनी तसा शब्द दिलाय.

आमच्या घरी तेव्हा पथक नव्हतं, एकटा कप्तान होता. आम्ही तीन भावंडं: ताई, मी आणि धाकटा. धाकटा चौथं वर्ष लागायच्या आत तापाने गेला. त्याविषयी घरात पुन्हा कुणी बोललं नाही आणि मीही इथे लिहिणार नाही. एवढंच की, कप्तानाच्या डाव्या दंडावर त्याच्या दातांच्या खुणा आहेत. वरचे दोन दात, मधे फट. त्याचा फोटो कधी काढलाच नव्हता, तेव्हा हेच काय ते राहिलं. ताईला खेळण्यांची आवड नव्हती, म्हणून कप्तान माझ्याकडे आला तो आलाच.

शाळेत आम्हाला कविता चालीवर म्हणायला लावत. गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरायचे आणि चुकलं की तोच ताल आमच्या तळहातावर यायचा. त्याच चालीत मी कप्तानावर एक ओळ रचली आहे: 'मुठीत मावे शूर शिपाई, मुठीत त्याचे गगनहि मावे.' पुढची ओळ चौथीपासून सुचायची आहे.

१२ जानेवारी

आधी लिहून काढतो, मग जेवतो.

दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. सगळं काचेत ठेवलेलं असतं म्हणून आम्ही गिऱ्हाइकं त्या दुकानाला काचघर म्हणतो. माझ्या आधी सीलबंद हजर. हा एक निवृत्त बँकवाला. प्रत्येक खेळणं दोन-दोन घेतो आणि एकही उघडत नाही. खोकं उघडलं की वस्तू मेली, असं त्याचं म्हणणं. मी कप्तान घेतला आणि तिथेच गल्ल्यासमोर खोकं फाडलं. सीलबंदने तोंड फिरवलं, जणू मी चारचौघांत कपडे उतरवले.

निळा तोच. पट्ट्याचा पिवळा तोच. कोपर वाकवला तर तीच कट्ट आवाजाची गंमत. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मग अंगठा सवयीने डाव्या दंडावर गेला.

दात.

वरचे दोन, मधे फट. फळीवर नजर टाकली. कप्तान ओळीने उभे, आणि एकूणएक कप्तानाच्या दंडावर माझ्या धाकट्याचे दात. दीडशहाण्यांनी नमुन्यावर होतं नव्हतं ते सगळं साच्यात उतरवलंय. वर शहाणपणा असा की माझ्या कप्तानावरच्या खुणा इतक्या वर्षांत माझ्याच अंगठ्याने बोथट झाल्यात, त्या यांनी चांगल्या ठळक करून दिल्यात. नुकतंच कुणी चावल्यासारख्या.

"काय झालं, काका? फुटका निघाला का?" दुकानदाराने विचारलं.

मी खोकं काखेत मारून बाहेर पडलो. बोललो असतो तर सगळ्या काचा फुटल्या असत्या.

१३ जानेवारी

हिला दाखवला. हिने तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाली, "अगबाई, एवढेसे दात."

"लोक हे विकत घेताहेत. येणारा-जाणारा कुणीही उचलतोय. रंग तपासतोय, पुन्हा फळीवर टाकतोय."

"मग? त्यांना कुठे माहीत आहे?"

"माहीत नाही हेच तर."

"ताईंना सांगितलंत का?"

"ताईला काय करायचंय त्याचं?"

ही फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. तासभर बोलणं चाललं होतं. तिची बहीण असावी. त्या दोघींना विषय लागत नाही.

१७ जानेवारी

कंपनीच्या कार्यालयात जाऊन आलो. खाली गालिचा, वर थंड हवा, मधे आपण मूर्खासारखे. ज्यांनी माझ्याकडून नमुना नेला होता त्याच बाई समोर आल्या. तिशीच्या असतील. फार गोड बोलतात, त्यामुळे चिडणं अवघड जातं. तरी मी जमवलं.

"काका, आमचं धोरणच आहे, मूळ नमुन्यातला एकही तपशील सोडायचा नाही."

"तो तपशील नाही."

"मग काय आहे?"

आता काय सांगणार? थंड हवेच्या खोलीत, चहावाला कप गोळा करत असताना, अनोळखी पोरीला? मी म्हणालो, "नुकसान आहे ते. माझ्या वस्तूचं झालेलं नुकसान तुम्ही छापून विकताय. एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. म्हणाल्या, "अरेरे. उंदीर का?"

उंदीर! तळपायाची आग मस्तकात गेली. माझा नवा कप्तान त्यांच्या टेबलावर आपटला, म्हणालो, "ठेवा तुमच्याकडेच, मला असला नको," आणि चालता झालो. जिना उतरताना लक्षात आलं की चष्माही तिथेच राहिला. परत वर गेलो, चष्मा घेतला, आणि पुन्हा पहिल्याइतक्याच रागाने खाली आलो. दुसऱ्यांदा ते तितकंसं साधत नाही.

२४ जानेवारी

काचघरात सीलबंद दोघा-तिघांना गोळा करून व्याख्यान देत होता. विषय: कप्तानाच्या दंडावरच्या दोन खाचा.

"त्या दोरी अडकवायला. जुन्या कप्तानाबरोबर दोरी यायची, तो तिच्यावरून खाली उतरायचा. खाचा नसतील तर माल नकली समजायचा."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"अभ्यास आहे."

"दोरी नव्हती. कधीच नव्हती."

"तुमच्यापर्यंत आली नसेल," तो शांतपणे म्हणाला. मंडळींनी माना डोलावल्या.

"तुमच्याकडे होता का हो लहानपणी कप्तान?"

"नव्हता. म्हणून तर घेतोय."

यावर मी चालू लागलो. बोलण्याच्या लायकीचं ते नव्हतंच. पण घरी येईपर्यंत ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं, कशासाठी कोण जाणे.

२८ जानेवारी

ताईचा फोन. आधी गुडघे, मग रक्तदाब, मग शेजारणीचं कुत्रं. आणि मग एकदम, "अरे, मी घेतले हं."

"काय घेतले?"

"कप्तान. दुकानात मिळाले तेवढे घेतले."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोने. तुला सुचलं नाही म्हणून तिने."

"ताई, ते लोक त्याचे दात विकताहेत."

"विकताहेत म्हणून मला मिळाले. तू तर फुकटही दिले नसतेस."

"तू कधी मागितलास?"

"मागितला होता. माझं लग्न ठरलं तेव्हा. तू म्हणालास, ताई, तुला खेळण्याचं काय करायचंय?"

"मी असं म्हणेन?"

"शब्दाला शब्द. वर एक कविताही म्हणून दाखवलीस."

मी म्हटलं, ते असो, हा सगळा प्रकार मी बंद पाडतोय, कंपनीला तंबी देऊन आलोय. तर म्हणाली, "तू नको पडूस त्यात. आहे ते आहे तसं राहू दे." आणि फोन ठेवला. ताईने आजवर माझा फोन असा कधी ठेवला नव्हता.

ताईची स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही. वयाचा दोष. तिला आता कोण समजावणार की भावाच्या आठवणीची कुणीतरी राखण करावी लागते? ती मी केली. इतकी वर्षं रुमालात गुंडाळून, दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता. त्याचं कौतुक राहिलं बाजूला.

३ फेब्रुवारी

कंपनीच्या बाईंचा फोन. माझी तक्रार वरपर्यंत गेली. साचा घासून घेतलाय. पुढच्या खेपेपासून कप्तानाचा दंड गुळगुळीत. माझा मूळ कप्तानही पाठवलाय, सोबत "आमच्याकडून एक छोटीशी भेट."

हिला म्हणालो, "जिंकलो."

"कुणाला?" हिने विचारलं.

९ फेब्रुवारी

कप्तान परत आला.

मखमलीच्या पेटीत, चकचकीत. पट्टा नव्याने रंगवलेला. सोबत चिठ्ठी: 'झालेल्या नुकसानीबद्दल दिलगीर आहोत. आमच्या कार्यशाळेने ते आपल्यासाठी भरून दिले आहे.'

भरून दिलं आहे. डावा दंड उजव्यासारखा. खिडकीशी नेला, दिव्याखाली धरला, भिंगाने पाहिला, डोळे मिटून अंगठा फिरवला. काही नाही. कप्तानाला कधी कुणी चावलंच नव्हतं.

१० फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही.

१२ फेब्रुवारी

गेलो. लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेलो आणि वर पोचल्यावर बोलायला दम उरला नाही, तेव्हा त्यांना वाटलं मी आभार मानायला आलोय. बाईंनी कार्यशाळेतल्या मुलीला बोलावून आणलं. बोटांना डिंक, कानामागे ब्रश. ती खूश होऊन म्हणाली, "काका, सापडतंय का कुठे होतं ते? दोन आठवडे लागले मला. आधी जुन्याच रंगाचं प्लास्टिक शोधलं, ते वितळवून आत भरलं. आता ते कुणाला म्हणजे कुणालाच ओळखू येणार नाही."

"पुन्हा काढता येईल का?"

"काय?"

"भरलंय ते."

"नाही हो. एकजीव झालंय. पण का काढायचं?"

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, दोन वाक्यांत, भांडल्यासारखं सांगितलं. त्या मुलीने कानामागचा ब्रश काढून उगाच पुसायला घेतला. बाई म्हणाल्या, "काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

म्हणजे चूक पुन्हा माझीच. घरातलं माणूस गेलेलं प्रत्येक काउंटरवर सांगत फिरायचं का? यांना नुकसान आणि दात यांतला फरक कळू नये?

पहिल्या खेपेतला एखादा कप्तान मागितला. एकही शिल्लक नाही. संगणकातली प्रत? तीही माझ्याच सांगण्यावरून दुरुस्त केली. चुकीची प्रत कशाला ठेवायची म्हणून जुनी पुसली. मी टेबलावर आपटून गेलो होतो तो? तो चहावाल्याने मुलीसाठी मागून नेला. ती अजून रांगते म्हणे.

कार्यशाळेतल्या त्या मुलीने मला जिन्यापर्यंत सोडलं. सारखी सॉरी म्हणत होती. मला तिला चांगलं फैलावर घ्यायचं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी आल्यावर माणूस काय बोलणार? हाही एक अन्यायच. माझं गेलं आणि समजूत मी काढायची.

१४ फेब्रुवारी

काचघरात नवी खेप लागलीय. सगळे दंड गुळगुळीत. सीलबंद विजयी मुद्रेने सांगत होता की हा सगळा नकली माल, खरा फक्त पहिल्या खेपेतला, आणि त्याच्याकडे दोन आहेत. मी त्याला बाजूला घेतलं आणि एक मागितला. म्हणेल त्या बोलीवर.

"नाही हो. विकत नाही मी."

"मग दाखवा तरी."

त्याच्या घरी गेलो. कपाटातून खोकं काढून त्याने दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. पारदर्शक कागदाआड कप्तान, आणि दंडावर ते. दिसत होतं सगळं. पण नुसतं दिसून काय करायचं? ती खूण अंगठ्याने वाचायची गोष्ट आहे.

"उघडता का एकदा? परत चिकटवून देतो, कळणारही नाही."

त्याने खोकं छातीशी घेतलं. मी भीक मागितल्यासारखा उभा होतो, म्हणून त्यालाच वाईट वाटलं असावं. म्हणाला, "या ना, कधीही या बघायला. संध्याकाळी मी घरीच असतो." माझ्या धाकट्याला भेटायची वेळ आता हा गृहस्थ ठरवणार.

१६ फेब्रुवारी

"ताईंकडे आहेत," ही म्हणाली.

"माहीत आहे मला."

"चपला दाराशी आहेत."

"माहीत आहे."

१८ फेब्रुवारी

ताईकडे गेलो होतो. तिने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "ये. आधी पाणी पी."

तिच्या घरात कप्तानांनी उच्छाद मांडलाय. खिडकीत बसलेले, फ्रिजवर उभे, एक तर औषधांच्या डब्यात गोळ्यांवर आडवा. एकही धड सरळ उभा नाही, सगळ्यांचे हातपाय वाकवलेले. मला वाटायचं, तिला खेळण्यांची आवड नाही.

पाणी प्यायलो. म्हणालो, "मला एक दे."

"तुझ्याकडे खरा आहे की."

मी मखमलीची पेटी उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा लावला, पुन्हा काढून ठेवला आणि कप्तान हातात घेतला. अंगठा थेट डाव्या दंडावर गेला; कुठे शोधायचं ते तिला सांगावं लागलं नाही. बराच वेळ तो अंगठा तिथेच होता.

"कुठे गेले?"

"भरले."

"कुणी?"

"मूर्खांनी."

"आणि सांगितलं कुणी त्यांना?"

मी खिडकीतल्या कप्तानांकडे पाहत राहिलो. मला वाटलं, आता बोलेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती, कंपनीवरची, त्या बाईवरची, उंदरावरची. कप्तानाचा कोपर तिने हळूच वाकवला. कट्ट.

"त्याला हे जमायचं नाही," ती म्हणाली. "बोटांत जोर नव्हता. माझ्याकडून वाकवून घ्यायचा. दिवसभर तेच. वाकव, सरळ कर, वाकव."

"हे मला माहीत नव्हतं."

"तुला कसं असणार? तू शाळेत असायचास, कविता म्हणत. मी घरी असायचे, त्याच्यापाशी."

एवढं ती रागाने म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. मग तो परत पेटीत ठेवून ती उठली, खिडकीतला एक कप्तान घेतला, घडी घालून ठेवलेलं त्याचं खोकं शोधून काढलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "हा घे तू. तुझा तो राहू दे माझ्याकडे."

"अगं, पण त्याच्यावर आता काहीच उरलं नाही."

"तो याच्याशीच खेळला ना?"

मी पेटीकडे हात नेला होता. तो तसाच थोडा वेळ पेटीवर राहिला. कप्तान माझ्याजवळ असणं मला इतकं सवयीचं की, नसणं कसं असतं ते ठाऊकच नव्हतं. ताईने घाई केली नाही. चहा टाकायला आत गेली आणि भांड्यांचा जरा जास्तच आवाज करत राहिली.

ती परत आली तेव्हा पेटी टेबलावर होती आणि माझे हात मांडीवर. "दोन-चार दिवस ठेव," मी म्हणालो. "मग येऊन नेईन."

"बरं," ती म्हणाली. कधी ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आता हा नवा समोर आहे. खुणा फार ठळक आहेत. धाकटा एवढ्या जोराने चावला नव्हता. की चावला होता? ताई म्हणते असेच होते, अगदी असेच. तिला माहीत असणार.

आत्ता खोक्याची मागची बाजू वाचली. इतक्या दिवसांत लक्ष गेलं नव्हतं. बारीक अक्षरांत छापलंय: 'लहान मुलांपासून दूर ठेवा. तोंडात घालू देऊ नये.'

सकाळी पहिलं काम, त्या बाईंना फोन लावतो. हे असलं खोक्यावर छापायचा अधिकार यांना दिला कुणी?